तीन नंबरचा चिमटा

माझा नवरा त्याची शेवटची शर्यत माझ्यामुळे हरला. मी रिमोटला बोटही लावलं नव्हतं. (शेवटची अशासाठी, की पुढच्या वर्षी तो नव्हता.)

नवरा चिंचणीचा तांडेल. तीस वर्षं त्याने मासेमारीची बोट हाकली. मग अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि माणूस ओटीवर बसला. आमचे शेजारी भालूभाऊ तारापूरला फिटर होते. रिटायर झाल्यावर ते हातभर लांबीच्या शिडाच्या होड्या बनवायला लागले, रिमोटवर चालणाऱ्या. चार म्हातारे जमवून त्यांनी क्लब काढला. डहाणूला तसाच क्लब होता, चिकूच्या वाडीवाल्या रुस्तमशेठचा. वर्षातून एकदा चिखल्याकडच्या एका तळ्यावर दोन्ही क्लबांची शर्यत व्हायची. भालूभाऊंनी नवऱ्यासाठी सुकाणू आणि शीड दोन्ही रिमोटच्या डाव्या हाताच्या काडीवर आणून दिलं, आणि तांडेल पुन्हा तांडेल झाला. खऱ्या बोटीवर खलाशांना दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्या होडीला मिळायच्या.

त्याला मरणाची भीती नव्हती. डोकं जाण्याची होती. थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःचं घर विसरला होता. लोक त्याला बाजारातून हाताला धरून आणायचे. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा झटका आला तर आठवणीवर जाऊ शकतो. तेव्हापासून साधा चष्मा सापडला नाही तरी म्हातारा पांढरा पडायचा.

ही गोष्ट २०१७ सालची. रिमोट जुने होते. एकाच नंबरचे दोन रिमोट एकदम चालू झाले, तर एकाच्या हाताने दुसऱ्याची होडी वेडी होते. म्हणून तळ्यावर सुरूच्या झाडाला फळी बांधलेली असायची, तिच्यावर एक ते सहा आकडे. रिमोट चालू करण्याआधी आपल्या नावाचा कपड्यांचा चिमटा आपल्या नंबरवर लावायचा. चिमटा दिसला की त्या नंबरच्या दुसऱ्या माणसाने थांबायचं. नवरा आणि रुस्तमशेठ दोघेही तीन नंबरचे, म्हणून नवरा पहिल्या तुकडीत आणि शेठ दुसऱ्या. हे सगळं मला भालूभाऊंनी दोनदा समजावलं होतं. मी मान डोलावत होते आणि दारात वाळत घातलेल्या बोंबलांचा विचार करत होते.

नवऱ्याला तेव्हा लघवीची पिशवी लावलेली. खुर्चीच्या पायाशी टांगायची आणि वर टॉवेल टाकायचा. कोणाला दिसता कामा नये, एवढीच त्याची अट. पहिली तुकडी सुटली आणि इकडे पिशवीचा हूक तुटला! मी आजूबाजूला बघितलं. फळीवर चार चिमटे होते. चौथी शिकलेली बाई मी, जवळ जाऊन नावं वाचली. परक्याची वस्तू कशाला घ्यायची? आपल्याच माणसाचा चिमटा काढला. पिशवी झकास बसली. वर टॉवेल.

तळ्यात दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि आमची होडी सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात रुस्तमशेठ आपली होडी तपासायला फळीशी आले. तीन नंबर मोकळा दिसला. भल्या माणसाने रीतसर आपला चिमटा लावला, रिमोट चालू केला आणि काडी दोन्ही बाजूंना फिरवून बघितली.

आमची होडी थरथरली, गर्रकन वळली, आणि मागच्या होडीच्या पोटात नाक खुपसून तिला घेऊनच लव्हाळ्यात शिरली.

भालूभाऊ धावत फळीशी गेले. तीनवर रुस्तमशेठचा चिमटा, आमचा नाही. नियमाने आमची होडी बाद.

"तांडेल, चिमटा लावायला विसरलात."

"लावला होता."

"मग गेला कुठे?"

नवरा फळीकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवरून मला दिसत होतं, तो सकाळपासून काय काय केलं ते एकेक आठवून बघतोय.

"जाऊ दे ने, तांडेल," रुस्तमशेठ म्हणाले. "परत लावू रेस. मला असा जीत नको."

नवरा नाही म्हणाला. ज्याला चिमटा आठवत नाही त्याने होडी काय हाकायची.

मला चिमटा कुठे आहे ते त्याच क्षणी कळलं होतं. टॉवेल उचलला असता तर त्याचं डोकं शाबूत ठरलं असतं, पण डहाणू आणि चिंचणी मिळून वीस माणसांनी पिशवी बघितली असती. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू.

घरी तो जेवला नाही. म्हटलं, आज नको. दुसऱ्या दिवशी त्याने रिमोट भालूभाऊंकडे परत पाठवला. म्हटलं, आता तर नकोच. भर बाजारात पोलिसाला आवाज चढवून बोललेली बाई मी, पण एका चिमट्यापुढे तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी तो चांगली मीठ घातलेली पेज अळणी आहे का विचारायला लागला. आपल्या जिभेवरही त्याचा भरवसा राहिला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी चहा समोर ठेवला, तर म्हणाला, "गो, एका कागदावर माझं नाव नि गाव लिही. खिशात राहू दे."

त्याच्या भावाच्या खिशात असाच कागद असायचा.

मी पेन्सिल घेतली. नाव लिहिलं. गाव लिहिता येईना.

"चिमटा मी काढला," मी म्हटलं. "पिशवीला लावला. तुझाच होता म्हणून घेतला."

त्याने चहा बाजूला सारला. मग सुरू झाला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी कालवण खारट केलं, तिथपासून. इंजिनाचा पाना मी सुपारी फोडायला नेला आणि बोट दोन दिवस बंदरात उभी राहिली, ते. थोरलीच्या बारशाला त्याच्या आत्याला बोलवायचं राहिलं, ते. नवीन दोर मी म्हशीला बांधला, ते. वार, महिना, तेव्हा समोर कोण कोण होतं, सगळं सांगत गेला. चव्वेचाळीस वर्षांतली एक चूक इकडची तिकडे झाली नाही. चहा गार झाला, त्यावर साय आली, म्हातारा थांबेना.

मला इतकं बरं वाटलं, की तो दम खायला थांबला तेव्हा राहिलेल्या दोन मीच आठवून दिल्या. त्यातली एक त्याला माहीतच नव्हती.