शून्य दिसलं की चार काढा

माझ्या सासुरवाडीत कुणी एकदा रिमोटमधले उलटे सेल सुलटे केले की तो जन्मभराचा इंजिनिअर ठरतो. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे बचावाची वाटच नव्हती. बायकोच्या थोरल्या भावाचं, आमच्या अण्णांचं, हुबळीत गोकुळ रोडला वर्कशॉप आहे. तिथं त्यांनी इंटरनेटवरून फोन लावणारा एक डबा बसवला. टेबलावरचे जुने फोन त्यालाच जोडायचे, बिल कमी येतं म्हणे. विकणारा डबा भिंतीला ठोकून गेला आणि नंतर त्याचाच फोन लागेना. मग मला बोलावणं आलं.

तक्रार एकच होती: धारवाडला फोन जात नाही. कारण तसं सोपं होतं. हुबळी आणि धारवाड यांची महापालिका एक, फोनचा कोडही एक. पण हुबळीकर धारवाडला फोन करणार तो परदेशी केल्यासारखा, आधी कोड लावून. डब्याला हा मानमरातब कळत नव्हता. गावातल्या गावात कोड लावला की तो गप्प बसायचा.

"अक्का, कोड न लावता करा की," मी हिशेब बघणाऱ्या बाईंना म्हणालो.

"कोड न लावता? धारवाड काय शेजारच्या गल्लीत आहे का, भावजी?"

माणसं बदलण्यापेक्षा डबा बदलणं सोपं, असं मला वाटलं. त्याच्या सेटिंगमध्ये एक पान असतं. नंबर अमुक आकड्यानं सुरू झाला तर पुढचे किती आकडे गाळायचे, ते तिथं सांगायचं. आपला कोड शून्य धरून चार आकडी. मी ऐटीत नियम लिहिला: शून्यानं सुरू झाला की पहिले चार आकडे काढा. धारवाड लागलं. मिरची भजी आली. "भावजींचं डोकं म्हणजे डोकं," असं अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, आणि ते खरं असणार असं मलाही वाटून गेलं.

शनिवारी शाळा लवकर सुटते, म्हणून उरलेलं कौतुक गोळा करायला मी पुन्हा गेलो. अण्णा घामाघूम झाले होते. कोल्हापूरच्या एका कंपनीला चारच्या आत पंपाच्या भागांचा दर कळवायचा होता, नाहीतर ऑर्डर बेळगावला जाणार होती. ती मिळाली तर बंद पडलेली दोन लेथ मशिनं पुन्हा चालू होणार होती. तिथले खरेदीचे साहेब मोबाइल उचलत नसत, टेबलावरच्याच फोनवर बोलत.

"सकाळपासून तिसऱ्यांदा करतोय," अण्णा म्हणाले. "एक बाई उचलतात. आधी साहेब अंघोळीला गेलेले. मग जेवायला बसलेले."

"ऑफिसात अंघोळ?"

"मोठी कंपनी आहे, भावजी. तुमच्या शाळेसारखी नव्हे."

त्यांनी स्पीकर लावून परत फोन केला. "नमस्कार, हुबळीहून बोलतोय. साहेब आहेत का?"

"आत्ताच आडवे झालेत हो," बाई मायेनं म्हणाल्या. मग बाजूला तोंड करून, "एष्ट री, कोत्तंबरी?"

कोल्हापूरच्या ऑफिसात कोथिंबिरीचा भाव कन्नडमध्ये विचारला जात होता. मागून भाजीच्या गाडीचा भोंगाही ऐकू आला. तो माझ्या ओळखीचा होता, कारण तो रोज दुपारी धारवाडात, सप्तापुरात, आमच्या दारावरूनच जातो.

मग माझ्या लक्षात आलं. कोल्हापूरचा कोडही शून्यानंच सुरू होतो, आणि तोही चारच आकडी. माझ्या नियमानं तो गिळला होता आणि उरलेला नंबर धारवाडातल्या कुण्या निवृत्त साहेबांच्या घरी लागत होता. नियम लिहिताना जगात हुबळी-धारवाडशिवाय तिसरं गाव असतं, हे मला सुचलंच नव्हतं.

"अण्णा, जरा उठा," मी म्हणालो. "डब्यात थोडी सुधारणा करतो."

"बिघडलाय का?"

"नाही, नाही. आणखी चांगला करतो."

फक्त आपलाच कोड असेल तर चार काढा, बाकी शून्याला हात लावू नका, असा नियम लिहिला. घाईत तोही आधी चुकला. चारला थोडाच वेळ उरला होता तेव्हा कोल्हापूर लागलं.

"अहो, आहात कुठं?" तिकडून खरे साहेब म्हणाले. "बेळगावला फोन करायला हात उचललाच होता."

अण्णांनी दर सांगितला. ऑर्डर मिळाली. अण्णांनी माझी पाठ थोपटली आणि पुन्हा भजी मागवली. मी ती खाल्ली. खरं काय ते सांगायला तोंड मोकळंच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांनी उचलला, ऐकला आणि रिसीव्हर अण्णांपुढे धरला.

"धारवाडहून कुणी बाई आहेत. म्हणतात, साहेब उठलेत, चहाही झालाय, आता बोला."

अण्णांनी आधी फोनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डब्याकडे, आणि मग सावकाश माझ्याकडे.