कोपऱ्यातला आकडा

रहिमतपुरात स्टँडसमोर एका गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यापासून माझा गेम अडखळत होता, म्हणून गेलो. त्यांनी जुना ड्रायव्हर टाकला, मग नवा, मग पुन्हा जुना. दर वेळी गेममधली गाडी त्याच वळणावर नेऊन थांबवायचे आणि गेम किती सुरळीत चालतोय ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा बघायचे. त्यांचा पाय सारखा हलत होता.

“पळतोय की आता,” मी म्हणालो.

“अजून चार तरी वाढत्याल.”

“तुम्ही कधी खेळता?”

“खेळायचं ऱ्हाऊनच गेलं. आकडा पडला की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.”

मला हसू आलं.

घरी येऊन शर्यत खेळलो. मुलीनं विचारलं, “बाबा, कितवे आलात?”

मला सांगता येईना. कोपऱ्यातला आकडा मात्र पाठ होता.