मेलेल्या जिवाणूंची पाकिटं

झाशीच्या एका कृषी प्रयोगशाळेत कमल आठल्ये सत्तावीस वर्षं जिवाणू वाढवत होत्या. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. सगळ्यांच्या त्या कमलदीदी. मुळांशी राहून कंदकुजीला रोखणारे हे जिवाणू भुकटीत मिसळून त्या पाकिटं भरत. पाकिटं वाटण्याआधी जिवाणू जिवंत आहेत का ते तपासायचं, हा नियम त्यांनीच घातलेला.

त्या मे महिन्यात आई इस्पितळात होती. कमलताईंनी न तपासताच सही केली.

ऑगस्टमध्ये बरुआसागरहून ती पाकिटं नेलेल्या एका शेतकऱ्याचा, विश्वंभर कुशवाहाचा, फोन आला. "दीदी, आलं पिवळं पडलंय. उपटलं की हातात नुसता लगदा!"

कमलताईंनी गोदामात उरलेलं त्याच खेपेचं पाकीट तपासायला घेतलं. दोन दिवसांनी काचेची बशी जांभळ्या दिव्याखाली धरली. हे जिवाणू जिवंत असले तर हिरवट चमकतात. इथं काहीच नव्हतं. गोदामाच्या तापलेल्या पत्र्याखाली ते उन्हाळ्यातच मेले होते.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "पाऊस जास्त झाला म्हणून सांगा. कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या बसनं बरुआसागरला गेल्या. विश्वंभर अंगणातच भेटला.

"भैया, पाकिटात जीवच नव्हता. तपासायचं काम माझं होतं. मी केलं नाही."

त्यानं बायकोला हाक मारली. रुक्मिणी कणकेच्या हातानंच बाहेर आली.

"भुकटी पाण्यात कालवून बेणं त्यात हिनंच बुडवलं होतं," तो म्हणाला. "महिनाभर हिलाच बोल लावतोय मी."

"पाणी मोजून घातलं होतं," रुक्मिणी म्हणाली. "किती वेळा सांगितलं!" आणि ती मटकन ओट्यावर बसून रडू लागली. कमलताईंना कुणी बसा म्हटलं नाही. त्याही उभ्याच राहिल्या.

परतल्यावर त्यांनी आपली चूक साहेबांना लेखी दिली. वेतनवाढ रोखली गेली. पाकिटं मात्र थंड खोलीत हलली.

पुढच्या एप्रिलमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळून पाकिटं त्या स्वतःच घेऊन गेल्या. विश्वंभरनं अर्ध्याच शेतापुरती घेतली. रुक्मिणीनं विचारलं, "जिवंत आहेत ना?" कमलताईंनी तपासणीचा कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बादली ओढली.

त्या अर्ध्यातलं आलं, दोन वाफे सोडले तर, काढणीपर्यंत टिकलं.