काकडी आता लेकाच्या ताटात

बायांनो, मला लिहिता येत नाय. मी बोलते आन सून फोनवर लिहिती.

या सुनेला माझा लेक महिनाभर "जाडे" म्हणून हाक मारतोय. फुलंब्रीला भाच्याचं लग्न हाय, तवर बारीक हो म्हणाला. म्हणून ती सकाळी लष्कराच्या छावणीपर्यंत पळती, आल्यावर घरभर राबती आन दिवसभर काकडी खाती. हा तिच्यासमोर बसून भजी हाणतो.

आज कणीक मळता मळता ती परातीवरच कोसळली. डॉक्टर म्हणाले, "पळा, पण पोटाला भाकरी घालून पळा. उपाशी पळाल तर अशाच पडाल."

घरी येऊन मी लेकाच्या ताटात एक काकडी ठेवली आन हातात झाडू दिला.

"आई, हे काय?"

"लग्नाला तू पण येणारच ना, रेड्या? मांडवात आधी तुझं पोट शिरतं, मग तू."

दोन खोल्या झाडल्या आन घाम पुसत बसला. "आई, चक्कर येती. भाकरी दे."

"काकडी खा, जाड्या."

दुपार टळेपर्यंत दिली नाय. पार रडकुंडीला आला. मला लई बरं वाटलं.

आता लिहिलेलं वाचून दाखव म्हटलं, तर सून "जाड्या" तेवढं गाळून वाचती. मी अडाणी हाय, बहिरी नाय. तुम्हीच सांगा बायांनो, तो महिनाभर "जाडे" म्हणत होता, तवा ते कुणी गाळलं का?