दसऱ्याचं फॉरमॅट
झेंडूचा वास आला की तो दसरा आठवतो. अपडेटनंतर आमच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता. बिघडला होता फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा छोटा प्रोग्राम; वारलेल्या बाबांनी पूर्वी देवळात सगळ्या गावासाठी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याचं एकुलतं एक रेकॉर्डिंग आत सुखरूप होतं. गावात रेंज नव्हती, म्हणून ड्रायव्हर आणायला मी पेनड्राइव्ह घेऊन सावंतवाडीला गेलो. परतलो तर पडदा लख्ख, त्याला कुंकू, वर झेंडूची माळ. “मेकॅनिकान फॉरमॅट मारल्यान. बघ, झालो चालू!” दादा म्हणाला. “आणि बाबांचा गाऱ्हाणा?” “ता खंय आता? सगळा पुसान गेला. पडदो तरी दिसता मा!” आजही दसऱ्याला दादा त्याच कॉम्प्युटरला माळ घालतो आणि बाबांसारखं गाऱ्हाणं आता कोणी घालत नाही म्हणून हळहळतो. मी झेंडू ओवत राहतो.