निळ्या ड्रमची पट्टी

इंझोरीला आमचं भंगाराचं दुकान आहे. परक्या माणसाशी मी कामापुरतंच बोलते. एका दुपारी एक जण जुनी कार घेऊन आला. कारच्या बंपरखाली त्याला घरीच बनवलेली सपाट पट्टी लावायची होती.

"वारा खालून घुसला का गाडीचं तोंड हलकं होते, ताई. पट्टी असली का गाडी रस्ता धरून राह्यते."

प्रत्येक वस्तू तो बोटाच्या पेरानं वाजवायचा, मग गुडघ्यावर वाकवून पाहायचा. प्लायवूड पावसात फुगेल म्हणून त्यानं परत ठेवलं. ॲल्युमिनियम वाकलं ते वाकलेलंच राहिलं. शेवटी त्यानं लोखंडी पत्रा उचलला. त्याची धार चालणाऱ्याच्या नडगीला लागणार, हे मला दिसत होतं. मला राहवलं नाही.

"भाऊ, पत्रा नका लावू. बाजारात कोणाचा पाय कापून जाईन."

"मंग काय लावू?"

मी शेळ्यांच्या गोठ्याचं निळं दार दाखवलं. "प्लास्टिकचा ड्रम हाये. तापल्या विळ्यानं कापला अन् उन्हात दगडाखाली दाबून सपाट केला. बोकड रोज टकरा मारते, तरी तडा नाही."

त्यानं दार वाकवून सोडलं. ते पुन्हा सरळ झालं.

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी पत्र्यालेच इचारून राह्यले होते!"

तो खळखळून हसला आणि ड्रमची तशीच पट्टी कापून ठेवायला सांगून गेला. दोन दिवसांनी पट्टी न्यायला आला, तेव्हा त्यानं ती वाजवली नाही, वाकवलीही नाही.

"पाहून घ्या," मी म्हटलं.

"तुमी पाह्यली ना? झालं मंग."