शून्य व्ह्यूज, एक कमेंट

असल्या गोष्टी वाचायला मला आवडतात, पण विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. त्याला कारण माझा धंदाच आहे. मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्याला बारा वर्षं झाली. हळदीच्या शूटिंगमध्ये हवेत पांढरे गोळे तरंगताना दिसले की निम्म्या पाहुण्यांना वाटतं, वारलेले आजोबा आशीर्वाद द्यायला आले. आजोबा वगैरे कोणी नसतं हो... धूळ असते, तिच्यावर लाइट पडतो. हे समजावता समजावता माझं तोंड दुखायला लागलंय. त्यामुळे खालचं वाचून कोणाला म्हणायचं असेल की 'ताई, कोणीतरी तुमची फिरकी घेतली', तर खुशाल म्हणा. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते.

घरातली नावं बदलली आहेत. नीलेश माझा धाकटा भाऊ, प्राजक्ता त्याची बायको आणि ओवी त्यांची मुलगी, वय वर्षं सात. ते पाथर्डी फाट्याला राहतात, मी पंचवटीत एकटीच. लग्न केलं नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. पण ओवीवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

नीलेश-प्राजक्ताचा फॅमिली व्लॉग आहे. सुरुवातीला स्वयंपाक, सण, घराची सजावट असं चालायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की वॉटर पार्क आणि राइड्सचे व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितले जातात. झालं! दर पंधरा दिवसांनी एक पार्क. नीलेश कॅमेरा धरणार, प्राजक्ता बोलणार आणि ओवी 'वॉव' म्हणणार. एका पार्कात शिरायला ओवीला तीनदा गेटमधून पळत यावं लागायचं, कारण पहिल्यांदा कोणीतरी मध्ये यायचं आणि दुसऱ्यांदा तिचं हसू कमी पडायचं.

बघणाऱ्यांना काय डोळे नसतात? कमेंट यायच्या. 'शाळा बुडवून फिरवता का?' 'पोरगी दमलीये, तुम्हाला दिसत नाही का?' 'ओल्या कपड्यातल्या मुलीचं शूटिंग अख्ख्या जगाला कशाला दाखवता?' प्राजक्ता म्हणायची, "रिकामटेकडे आहेत सगळे. ताई, तुम्ही डिलीट करत चला." आणि मी करत होते. एडिटिंगही माझ्याकडे, कमेंट पुसणंही माझ्याकडे... फुकट. बदल्यात एकच गोष्ट मिळायची. दर सोमवारी कॅमेऱ्याचं कार्ड द्यायच्या निमित्ताने ओवी माझ्याकडे यायची आणि संध्याकाळपर्यंत राहायची.

आता काम कसं चालायचं ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कॅमेऱ्याचं कार्ड मी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उतरवायचे. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. व्हायरसच्या भीतीने आमच्या मालकांनी कधी जोडूच दिलं नाही. व्हिडिओ तयार झाला की पेनड्राइव्हने माझ्या लॅपटॉपवर घ्यायचा आणि चॅनलवर चढवायचा. मूळ शूटिंग माझ्याशिवाय कोणीच बघत नव्हतं. नीलेशला तेवढा पेशन्सच नाही. "तुला दिलं की आपण मोकळे," असं तो म्हणायचा.

आणखी एक. लग्नाच्या व्हिडिओत पाठवणीला नवरीचं रडणं फार लांबलं की आम्ही मूळ आवाज बंद करतो आणि वर गाणं टाकतो. बघायला बरं वाटतं, कामही उरकतं. व्लॉगलाही मी तेच करायचे. ओवी कॅमेऱ्यासमोर कुरकुरली की ते कापायचं. राइडचा भाग आला की आवाज सरळ बंद, वर डीजेचं गाणं, आणि नुसती चित्रं बघून जोडत जायचं.

पहिली कमेंट मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कच्या व्हिडिओवर आली. आयडीचं नाव नुसतं 'प्रेक्षक'. फोटो नाही, बाकी काही नाही. लिहिलं होतं — 'ओवी रांगेत पाच वेळा बास म्हणाली. तुमच्या व्हिडिओत एकदाही नाही.'

मी हसले. म्हटलं, असेल कोणी रांगेत मागे उभा राहिलेला. पण चैन पडेना म्हणून मूळ शूटिंग लावलं आणि मोजलं. बरोबर पाच.

दुसरी आली महिन्याभराने, सुरतेकडच्या पार्कच्या व्हिडिओवर. 'तिसऱ्यांदा पळत आली तेव्हा तिची चप्पल तुटली होती. तोच टेक वापरलात, पाय कापून.'

हे वाचल्यावर मात्र मी खुर्चीतून उठले. चप्पल खरंच तुटली होती. बाकी दोन टेक हललेले होते, म्हणून मी तिसरा घेतला आणि फ्रेम थोडी वर सरकवली, की पाय दिसू नयेत. त्या दिवशी रांगेत कोणी उभं असेलही. पण कोणता टेक मी घेतला आणि पाय का कापले, हे रांगेतल्या माणसाला कसं कळणार? आणि दोन वेगवेगळ्या पार्कांत एकच माणूस यांच्या मागे फिरत होता का?

मी सगळ्यांवर संशय घेतला. प्राजक्ताच्या बहिणीवर, कारण त्यांचं जमत नाही. मालकांवर, कारण स्टुडिओची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांना व्लॉग म्हणजे काय हेच आधी पाऊण तास समजावावं लागलं, तेव्हा त्यांना यादीतून काढलं. पण मी इकडे यादी करत होते तेव्हा तिकडे भावाच्या घरी यादीत एकच नाव होतं.

त्यांनी मला चहाला बोलावलं. ओवीला शेजारी खेळायला पाठवलं होतं, तेव्हाच मला शंका आली.

"ताई, राग मानू नका," प्राजक्ता म्हणाली. "पण पाय कापलेले फक्त तुम्हालाच माहीत ना?"

"म्हणजे मी फेक आयडी काढून तुम्हाला बोलतेय?"

"तसं नाही गं ताई," नीलेश खाली बघत म्हणाला. "फक्त फोन दाखव ना एकदा. माझं समाधान होईल."

ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलंय, त्याने माझा फोन तपासला. लॅपटॉपही तपासला. काही सापडलं नाही, तरी त्याच्या तोंडावरचा संशय काही गेला नाही. मला भयंकर अपमान वाटला. आणि त्याहून जास्त लाज वाटली, ती वेगळ्याच गोष्टीची. तो प्रेक्षक जे बोलत होता ते शंभर टक्के खरं होतं आणि मला ते त्याच्या आधीपासून दिसत होतं. मी बोलले नव्हते, कारण बोलले तर सोमवार बंद होतील, ही भीती.

तिसरा व्हिडिओ पिंपळगावच्या अलीकडे हायवेला एक वॉटर पार्क आहे, तिथला. ओवीला आधीच सर्दी होती. सोमवारी ती माझ्याकडे आली तेव्हा गप्प गप्प होती, सारखी "काय?" "काय?" विचारत होती. मला वाटलं, लक्ष नाही पोरीचं. शनिवारी दुपारी मी व्हिडिओ चढवला आणि रविवारी सकाळी अकराची वेळ लावून ठेवली. तोपर्यंत तो लपलेला असतो, बाहेरच्या कोणाला दिसतच नाही. रविवारी ते तिघं दुसऱ्या एका पार्कात जाणार होते. नवी मोठी घसरगुंडी सुरू झाली होती आणि पार्कवाल्यांनी खास बोलावलं होतं.

चारच्या सुमारास मी स्टुडिओत चहा घेत होते. फोन वाजला. नवीन कमेंट. मला आधी वाटलं, जुन्या कुठल्यातरी व्हिडिओवर असेल. उघडून बघते तर त्याच लपलेल्या व्हिडिओवर. व्ह्यूज शून्य, कमेंट एक.

'तिसरी क्लिप, सव्विसावं मिनिट. गाणं काढून ऐका. उद्या तिला पाण्यात नेऊ नका.'

मालक काउंटरवर बसले होते. ते दिंडोरीकडचे, वयस्कर माणूस. त्यांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"कोणी पाह्यलंच नाय, तर लिव्हलं कोणी?"

"तेच तर कळत नाहीये, काका."

"ताई, हे मला काय बरं वाटत नाय. पण ऐका तर खरं तुम्ही. ऐकायला काय जातंय?"

मी कॉम्प्युटर लावला. तिसरी क्लिप. सव्विसाव्या मिनिटाला ओवी घसरगुंडीच्या जिन्यापाशी उभी आहे, डावा हात कानावर. याच चित्रावर मी गाणं टाकलं होतं. हेडफोन लावले आणि मूळ आवाज वाढवला. मागे पार्कचा डीजे ढणढणत होता, पण त्यातूनही तिचा आवाज स्वच्छ आला.

"मम्मी, या कानातून गाणं येतच नाहीये."

मग प्राजक्ता — "पाणी गेलं असेल बाळा, येईल बाहेर. एकदाच जा, पप्पांना शॉट नीट नाही मिळाला. हसत ये हं!"

मी हेडफोन काढले. पर्स उचलली. मालक म्हणाले, "जा तुम्ही, मी बंद करतो." रिक्षा केली आणि तडक पाथर्डी फाटा गाठला.

दारातच भांडण सुरू झालं. कमेंट दाखवली तर नीलेश भडकला. "परत तेच! ताई, आता लपलेल्या व्हिडिओवर पण? तिथे फक्त आपल्याच लॉगिनने पोचता येतं, एवढं तरी कळतं मला."

"मी लिहिलं असं समज हवं तर," मी म्हणाले. "पण आधी पोरीचा कान बघ."

ओवी हॉलमध्ये जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मी तिच्या डाव्या बाजूला, मागे जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "ओवी, चॉकलेट पाहिजे?"

ती रंगवत राहिली.

पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. काही नाही. मग उजवीकडे गेले आणि पहिल्याइतक्याच हळू आवाजात म्हणाले. तिने लगेच वर बघितलं आणि हसून हात पुढे केला.

प्राजक्ता ओवीच्या पायात चप्पल घालायला लागली. नीलेशने गाडीची किल्ली घेतली.

त्याच संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. पडद्याला भोक पडलं होतं आणि आत पू झाला होता. सर्दी होती, त्यात वरून पाणी. डॉक्टर म्हणाले, आता औषधाने भरून येईल, पण या अवस्थेत परत पाण्यात गेली असती तर कायमचं नुकसान व्हायला वेळ लागला नसता. प्राजक्ता तिथेच रडली, अगदी लहान मुलीसारखी. ती वाईट बाई नाही. पोरीवर तिचंही प्रेम आहे, फक्त मध्ये कॅमेरा आला की तिला बाकी काही ऐकू यायचं नाही. आणि मी कोणत्या तोंडाने बोलू? त्या वाक्यावर गाणं टाकणारी मीच ना.

रविवारचं जाणं रद्द झालं, तो व्हिडिओही काढून टाकला. मी नंतर तीन जाणकारांना विचारलं. तिघांनी सांगितलं की लपलेल्या व्हिडिओवर बाहेरचा माणूस कमेंट करूच शकत नाही. मग आत कोण होतं? लॉगिन आम्हा तिघांकडेच. नीलेशने पासवर्ड बदलले, कुठून कुठून लॉगिन झालं ते काढलं. आमचेच फोन, आमचेच लॅपटॉप. स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. मालकांनी आणि प्राजक्ताने कमेंट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे मला भास झाला असंही म्हणता येत नाही.

नीलेशचा हिशेब सरळ आहे. त्याच्या मते मी आधीच सगळं ऐकलं होतं, तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून 'प्रेक्षक' झाले. खरं सांगू? माझ्याच बाबतीत नसतं घडलं तर मीही हेच म्हटलं असतं. कधी कधी दुपारी काम करता करता थांबते आणि स्वतःलाच विचारते, बाई गं, खरंच तू नव्हतीस ना? मग आठवतं की ते वाक्य मी त्या शनिवारच्या आधी ऐकलंच नव्हतं. जे मला माहीत नव्हतं ते मी लिहिणार कसं?

आठवड्याने ओवीला भेटायला गेले. कानात कापूस होता. तिने मला ओढून स्वतःच्या उजव्या बाजूला बसवलं आणि म्हणाली, "आत्या, मी पार्कात बोलले ते कोणीच ऐकलं नव्हतं. तू ऐकलंस ना?"

नीलेश आतल्या दारात उभा होता, कान देऊन. 'नाही बेटा, दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं' म्हटलं असतं, तर कदाचित त्याचा माझ्यावर परत विश्वास बसला असता. तेच खरंही होतं. पण सात वर्षांच्या पोरीला सांगायचं, की घरातल्या एकाही माणसाने तुझं ऐकलं नाही?

"हो गं," मी म्हणाले. "मीच ऐकलं."

ती मला चिकटली. नीलेश मान हलवून आत निघून गेला.

आता एडिटिंग दुसरा मुलगा करतो. ओवीचं माझ्याकडे येणं कमी होत होत थांबलं. पार्कात अजून जातात, पण पाण्यात नाही, एवढं बरं. प्रेक्षक पुन्हा कधी आला नाही. तो कोण होता, त्याला आमच्या बंद कॉम्प्युटरमधलं कसं ऐकू गेलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा. मी ती कमेंट लिहिली नाही, हे मी कोणासमोरही शपथेवर सांगायला तयार आहे... फक्त ओवीने विचारलं, तर नाही सांगणार.